'सुपरमॅन २' : एका चित्रपटाचे दोन पाठ

१९८१ सालच्या जून महिन्याच्या १९ तारखेस अमेरिकेंतील चित्रगृहांत 'सुपरमॅन २' हा चित्रपट झळकला. ऑस्ट्रेलियांत तो सहा महिने आधीं, १९८० च्या डिसेंबरांत, आणि इंग्लंडांत १९८१ च्या एप्रिलांत दाखविला गेला होता. परंतु ज्या देशांत सुपरमॅन जन्मास आला त्या देशालाच त्याची वाट अधिक काळ पाहावी लागली. वाट पाहिल्याचें चीज झालें. पहिल्या तीन दिवसांतच १ कोटी ४० लक्ष डॉलरांहून अधिक उत्पन्न झालें, आणि तो त्या वेळचा उच्चांक ठरला. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या नामांकित टीकाकारानें त्यास चारांपैकीं चार तारे बहाल केले. दुसरा भाग हा पहिल्याहून फिका निघावयाचा, हा चित्रसृष्टींतील जणूं नियमच आहे. तो नियम येथें मोडला असें पुष्कळांचें मत पडलें. पहिल्या चित्रपटांत नायकाला तोडीस तोड असा शत्रु नव्हता. येथें त्याच्याच ग्रहावरचे, त्याच्याच सामर्थ्याचे तिघे गुन्हेगार, सेनापति झॉड, उर्सा आणि नॉन, पृथ्वीवर चालून येतात. शिवाय नायकापुढें खरा पेंच उभा राहतो. लोइस लेन हिच्या प्रेमासाठीं तो आपली दिव्य शक्ति टाकून साधा मनुष्य होतो, आणि नेमकी त्याच घटकेस जगाला त्याची गरज पडते.

पंचवीस वर्षांनंतर हाच चित्रपट आवडणारे लोक दोन पक्षांत विभागले गेलेले दिसतात. त्यांपैकीं एक पक्ष असें म्हणतो कीं, १९८१ सालीं जें पाहिलें तो खरा 'सुपरमॅन २' नव्हेच. आश्चर्य असें कीं, मधल्या काळांत मूळ चित्रपटांतील एक चौकटहि बदललेली नव्हती. बदललें होतें तें पाहणारांना ठाऊक असलेलें. हा बदल कसा घडला हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

सुपरमॅन हें पात्र क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनीं निर्मिलें, आणि १९३८ सालीं तें प्रथम छापून आलें. १३० डॉलरांस त्यांनीं त्याचे हक्क विकून टाकले. ती करुण हकीगत स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. चित्रपटाचे हक्क पुढें अलेक्झांडर साल्काइंड व त्यांचे चिरंजीव इल्या यांच्या हातीं आले. या पितापुत्रांची एक खोड प्रसिद्ध होती. त्यांनीं 'थ्री मस्केटिअर्स' या कादंबरीवर एकदांच चित्रण केलें, त्याचे दोन चित्रपट करून १९७३ व १९७४ या वर्षीं प्रदर्शित केले, आणि नटांना मोबदला मात्र एकाच चित्रपटाचा दिला. प्रकरण कज्जेदलालीपर्यंत गेलें. तेव्हांपासून हॉलिवुडच्या नटांच्या करारांत किती चित्रपट निघणार हें आधींच स्पष्ट करणारें कलम येऊं लागलें, आणि तें कलम साल्काइंड यांच्याच नांवानें ओळखलें जातें. त्या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक होते रिचर्ड लेस्टर. हें नांव ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

'सुपरमॅन'च्या वेळीं साल्काइंड यांनीं उघडपणेंच दोन चित्रपटांचा बेत आंखला आणि 'ओमेन' (१९७६) या भयपटाचे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांच्यावर काम सोंपविलें. १९७७ च्या मार्चांत इंग्लंडांत चित्रणास आरंभ झाला. डॉनर यांनीं आपल्या कचेरींत एक पाटी लावली होती. तिच्यावर एकच इंग्रजी शब्द होता, आणि त्याचा अर्थ 'सत्याभास'. उडणारा मनुष्य दाखवावयाचा; पण तो उडतो हें प्रेक्षकांस खरें वाटलें पाहिजे, त्याची थट्टा होतां कामा नये, हा त्यांचा आग्रह. निर्माते व दिग्दर्शक यांचे खर्चावरून खटके उडूं लागले. अखेर असें ठरलें कीं, दुसरा भाग बाजूस ठेवून आधीं पहिला पुरा करावा. त्या वेळीं दुसऱ्या भागाचें सुमारें तीनचतुर्थांश चित्रण झालेलें होतें. पहिल्या भागास दमदार शेवट पाहिजे म्हणून दुसऱ्याचा शेवट उचलून त्याला जोडण्यांत आला. सुपरमॅन पृथ्वीभोंवतीं वेगानें फिरून काळच उलटा वळवितो, तोच हा प्रसंग. या उसनवारीचा हिशेब पुढें फार वर्षांनीं चुकवावा लागला.

१९७८ च्या डिसेंबरांत पहिला चित्रपट आला व त्यानें अमेरिकेंतच १३ कोटी डॉलरांवर मजल मारली. एवढ्या यशानंतर त्याच दिग्दर्शकास काम पुरें करूं द्यावयाचें, हें कोणासहि सुचावें. परंतु १९७९ च्या मार्चांत डॉनर यांना दूर करण्यांत आलें, आणि त्यांच्या जागीं लेस्टर आले. सुपरमॅनच्या पित्याची भूमिका करणारे मार्लन ब्रँडो यांनीं आपल्या हिश्शाबद्दल निर्मात्यांवर दावा लावला होता. पहिल्या चित्रपटासाठींच त्यांना ३७ लक्ष डॉलर मिळालेले होते. दुसऱ्या भागांत त्यांचें दर्शन म्हणजे आणखी देणें. तेव्हां त्यांचें चित्रित झालेलें सारें काम कापून टाकलें गेलें आणि पित्याच्या ऐवजीं माता, म्हणजे सुझॅना यॉर्क, पुत्रास उपदेश करूं लागली. लेक्स लूथर झालेले जीन हॅकमन लेस्टर यांच्या चित्रणास आलेच नाहींत. त्यांच्या भूमिकेंत जें दिसतें तें डॉनर यांचें, आणि जेथें तें अपुरें पडलें तेथें पाठमोरा तोतया. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ १९७८ सालीं आणि कलादिग्दर्शक जॉन बॅरी १९७९ सालीं निवर्तले. संगीतकार जॉन विल्यम्स परतले नाहींत. त्यांच्याच स्वररचना केन थॉर्न यांनीं नव्यानें बसविल्या. लोइसची भूमिका करणाऱ्या मार्गो किडर यांनीं डॉनर यांच्या बाजूनें उघडपणें तोंड उघडलें. तिसऱ्या भागांत त्यांच्या वांट्यास अवघे कांहीं क्षण आले, याचा संबंध लोकांनीं त्याशीं लावला तर नवल नाहीं.

१९८१ च्या प्रेक्षकास यांतील फारच थोडें माहीत होतें. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून एकट्या लेस्टर यांचें नांव होतें, आणि चित्रपट रंगला होता.

लेस्टर यांना खलनायक ठरविणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. 'बीटल्स' या गायकमंडळींवर 'ए हार्ड डेज नाइट' (१९६४) हा चपळ व खट्याळ चित्रपट काढणारा हा मनुष्य. त्याची प्रकृति विनोदाची होती. डॉनर यांना सुपरमॅनमध्यें पुराणपुरुष दिसत होता. लेस्टर यांना बालकांच्या चित्रकथेंतला, रंगीत पोषाखांतला, किंचित् हास्यास्पद असा वीर दिसत होता. दोन्ही दृष्टि त्या पात्रांत मुळापासूनच आहेत. म्हणून ह्या वादांत एक पक्ष अडाणी व दुसरा शहाणा असें म्हणतां येत नाहीं.

शहरांतील युद्धाचा प्रसंग घ्यावा. तिघे शत्रु एकत्र फुंकर मारतात व रस्त्यावर तुफान सुटतें. गाड्या उलथतात, माणसें फेंकलीं जातात, आणि त्याच वेळीं एकाच्या डोक्यावरचा टोप उडतो, दुसऱ्याच्या हातांतलें आइस्क्रीम तोंडावर थापलें जातें, तिसरा टेलिफोनची पेटी आडवी पडली तरी बोलतच राहतो. बाराव्या वर्षीं हें पाहिलेल्या चाहत्यास तें आजहि हंसवितें. दुसरा चाहता विचारतो कीं, लोक मरणाच्या दारांत उभे असतां हंसावयाचें कशाला. ज्यांच्यासाठीं नायकानें आपल्या सुखावर पाणी सोडलें, त्यांचे प्राणच जर थट्टेचे तर त्याच्या त्यागास किंमत काय राहिली? तसाच तो छातीवरील चिन्हाचा प्रकार. सुपरमॅन आपल्या छातीवरचें चिन्ह ओढून काढतो, तें पातळ पारदर्शक कागदासारखें मोठें होऊन नॉनला गुंडाळतें आणि नाहींसें होतें. ही शक्ति त्याला कोठून आली, पूर्वीं कधीं होती काय, पुढें कधीं वापरली काय, या प्रश्नांचें उत्तर चित्रपटांत नाहीं. या एका क्षणावर चाहत्यांनीं जितका खल केला तितका क्वचितच दुसऱ्या कशावर केला असेल.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. चित्रपटाच्या शेवटीं शक्ति गमावलेले तिघेहि शत्रु सुपरमॅनच्या हिमप्रासादांतील खोल दरींत नाहींसे होतात, आणि नायकाच्या मुद्रेवर खेद दिसत नाहीं. सुपरमॅन जीव घेत नाहीं हें तर चित्रकथांतलें ब्रीद. मग त्यानें तिघांस मारलें काय? १९८४ सालीं अमेरिकेच्या एबीसी दूरचित्रवाणीवर हा चित्रपट दाखविला गेला तेव्हां त्यांत चित्रगृहांत कधींच न दिसलेले प्रसंग जोडलेले होते; त्यांत पोलीस शत्रूंना जिवंत धरून नेतांना दिसतात. एका पक्षानें म्हटलें, सुटला प्रश्न. दुसऱ्यानें म्हटलें, जें मूळ चित्रपटांत नाहीं तें प्रमाण नाहीं. २०१३ सालीं 'मॅन ऑफ स्टील' या नव्या चित्रपटांत सुपरमॅननें झॉडची मान मोडली व मोठी आरडाओरड झाली, तेव्हां त्याचा कैवार घेणारांनीं याच १९८१ च्या दरीकडे बोट दाखविलें.

त्या दूरचित्रवाणी-प्रयोगानें एक दुसरी गोष्ट झाली. न पाहिलेले प्रसंग अस्तित्वांत आहेत हें लोकांस कळलें. व्हिडिओ फितींवर मुद्रण करून त्या प्रती हातोहात फिरूं लागल्या. मध्यंतरीं, १९८३ सालीं, संपूर्णपणें लेस्टर यांच्या हातचा 'सुपरमॅन ३' येऊन गेला होता. त्यांत रिचर्ड प्रायर या विनोदी नटाला इतका वाव होता कीं, सुपरमॅन हा पाहुणा वाटावा. उत्पन्नहि बरेंच घटलें. या चित्रपटानें दुसऱ्या भागाकडे पाहण्याची दृष्टि पालटली. पूर्वीं जी गंमत वाटत होती तीच आतां पुढच्या अधोगतीची पहिली खूण वाटूं लागली. चाहते चित्रपट पारखून पाहूं लागले. मार्गो किडर यांचे केस व चेहरा, नायक क्रिस्टोफर रीव्ह यांचा अंगलोट, प्रकाशाची जात यांवरून हा तुकडा डॉनर यांचा, तो लेस्टर यांचा, असें ओळखण्याची जणूं विद्याच तयार झाली. तिनें कांहीं गैरसमजहि उघडे पाडले. चंद्रावरील हल्ला आणि व्हाइट हाउसमध्यें राष्ट्राध्यक्षास गुडघे टेकावयास लावणारा झॉड, हें लोकांच्या अतिशय आवडीचें चित्रण डॉनर यांचें होतें. पॅरिसचा आयफेल मनोरा व नायगाऱ्याचा धबधबा हे लेस्टर यांचे. म्हणजे लेस्टरपक्षाचे कित्येक अभिमानी नकळत डॉनर यांचीच स्तुति करीत आले होते!

मग मागणी सुरू झाली कीं, डॉनर यांचा चित्रपट बाहेर काढा. वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे पत्रें गेलीं. २००४ च्या सुमारास कांहीं चाहत्यांनीं निरनिराळ्या देशांच्या दूरचित्रवाणी-प्रतींतून प्रसंग वेंचून स्वतःच एक प्रत जुळविली; कंपनीनें हक्काचा प्रश्न काढून ती थांबविली. त्याच वर्षीं जुलैंत ब्रँडो आणि ऑक्टोबरांत रीव्ह यांचा मृत्यु झाला. १९९५ सालीं घोड्यावरून पडून रीव्ह यांचें शरीर लुळें झालें होतें, आणि त्यानंतरचीं नऊ वर्षें ते चाकांच्या खुर्चीवरून जगले. पुढें 'सुपरमॅन रिटर्न्स' (२००६) या चित्रपटासाठीं ब्रँडो यांच्या जुन्या चित्रणाचा उपयोग करण्याचा करार त्यांच्या वारसांशीं झाला, आणि तीच वाट डॉनर यांच्या कापलेल्या प्रसंगांनाहि मोकळी झाली. संकलक मायकेल थॉ यांनीं इंग्लंडांत सांठवून ठेवलेल्या फितींतून तो चित्रपट उभा केला. २००६ च्या २८ नोव्हेंबरला डीव्हीडीवर तो प्रसिद्ध झाला. त्याची लांबी ११६ मिनिटें, म्हणजे मूळ चित्रपटाहून सुमारें दहा मिनिटें कमी.

जुन्या पोथीचे दोन पाठ सांपडले म्हणजे अधिक जुना कोणता तें पंडित पाहतात. येथें अडचण अशी कीं, जुना पाठ नंतर प्रसिद्ध झाला, आणि तो कधीं पुरा लिहिलाच गेला नव्हता.

जें मिळालें तें थोडें नव्हे. ब्रँडो परत आले, आणि त्यांच्याबरोबर कथेचा कणाच परत आला. पुत्रानें पित्याचें न ऐकतां शक्ति टाकली. नंतर तो पराभूत होऊन परततो तेव्हां पिता आपल्या उरल्यासुरल्या तेजाचा होम करून त्याला पूर्ववत् करतो व स्वतः कायमचा लोपतो. १९८१ च्या प्रतींत शक्ति परत कशी मिळाली याचा उलगडा जवळजवळ नाहींच; हिरवा स्फटिक चमकतो, एवढेंच. या एका प्रसंगासाठीं सारी खटपट सार्थ झाली असें म्हणणारे आहेत, आणि त्यांचें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे. आरंभहि नवा मिळाला. लोइस वर्तमानपत्रांतील सुपरमॅनच्या चित्रावर चष्मा व टोपी काढते, क्लार्ककडे पाहते, आणि आपला तर्क पारखण्यासाठीं कचेरीच्या खिडकींतून सरळ खालीं उडी टाकते. लेस्टर यांच्या प्रतींत ती नायगाऱ्याच्या प्रवाहांत उडी घेते. आणि पुढें क्लार्कचा हात शेकोटींत पडूनहि भाजत नाहीं, त्यावरून रहस्य फुटतें. नवीन प्रतींतली लोइस अधिक हुषार आहे, यांत शंका नाहीं.

परंतु शेवट आला आणि उसनवारीचा हिशेब पुढें ठाकला. काळ उलटा फिरविण्याचा प्रसंग मुळांत दुसऱ्या भागाचा, म्हणून तो येथें पुनः घालण्यांत आला. पण प्रेक्षकानें तर तो पहिल्या चित्रपटांत पाहिलेला. लागोपाठ दोन चित्रपटांचा शेवट एकच! शिवाय काळच मागें गेला तर घडलेलें सर्व पुसलें गेलें. असें असतां क्लार्क त्या उपाहारगृहांत जाऊन, ज्या दांडगटानें पूर्वीं त्याला मारलें होतें त्याचा सूड घेतो. त्या बिचाऱ्यानें नव्या काळांत अजून कांहींच केलेलें नसतें! लेस्टर यांच्या प्रतींत हा प्रसंग यथास्थित आहे, कारण तेथें काळ फिरत नाहीं. क्लार्क एका चुंबनानें लोइसची स्मृति तेवढी पुसतो. त्या चुंबनासहि आक्षेप आहेत. एका स्त्रीच्या मनांतील आठवण तिला न विचारतां काढून घेणें हें कोणत्या वीरधर्मांत बसतें, असें नव्या पिढीचे प्रेक्षक विचारतात. पण डॉनर यांच्या प्रतींत एका स्त्रीचीच नव्हे, साऱ्या जगाची आठवण न विचारतां पुसली जाते. याकडे त्यांचे कैवारी सहसा वळत नाहींत.

मग चाहत्यांत तिसरें एक मत उद्भवलें, आणि सारासार पाहतां तेंच वजनदार वाटतें. तें असें कीं, १९७९ सालीं डॉनर यांना काम पुरें करूं दिलें असतें तर त्यांनीं दुसरा शेवट शोधलाच असता. तेव्हां २००६ ची प्रत म्हणजे डॉनर यांचा चित्रपट नव्हे. तो ज्या दिवशीं थांबला त्या दिवसाचें तें चित्र आहे. त्यांतील रिकाम्या जागा भरण्यास लेस्टर यांचे तुकडे वापरावे लागले, ही गोष्टहि त्याच मताला बळकटी देते.

या झगड्याचे पडसाद पुढें उमटले. २०१७ सालच्या 'जस्टिस लीग' चित्रपटांतून झॅक स्नायडर हे मध्येंच बाहेर पडले, जॉस व्हेडन यांनीं तो पुरा केला, आणि चाहत्यांनीं स्नायडर यांच्या प्रतीसाठीं मोहीम उभारली. २०२१ च्या मार्चांत ती चार तासांची प्रत निघाली. 'सुपरमॅन २'चा दाखला त्या मोहिमेपुढें होता. त्याच वर्षीच्या जुलैंत डॉनर वारले.

२००६ च्या प्रतींत एक प्रसंग आहे, त्याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत फारसा तंटा नाहीं. हॉटेलच्या खोलींत लोइस क्लार्कवर पिस्तूल झाडते. तो सुपरमॅन असल्याचें कबूल करतो. मग ती सांगते कीं पिस्तुलांत गोळी नव्हतीच. हा प्रसंग डॉनर यांच्याकडून चित्रित व्हावयाचा राहून गेला होता. म्हणून थॉ यांनीं नटांची निवड करतांना घेतलेल्या चांचणीच्या फिती काढल्या आणि त्याच जोडल्या. त्यामुळें एका चौकटींत रीव्ह सडपातळ दिसतात, केंसांची ठेवण वेगळी, चष्मा वेगळा. व्यायामानें कमावलेली सुपरमॅनची छाती अजून तयार झालेली नाहीं. गोळीचा आवाज होतो. क्लार्कचा बावळटपणा गळून पडतो, खांदे सरळ होतात, आवाज खोल जातो. भूमिका मिळते कीं नाहीं हें अजून न कळलेला, चोवीस वर्षांचा एक तरुण नट आहे तो. हा चित्रपट त्याच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे.